बुटाची लेस आणि चढता जोर

गारखेड्यातल्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत मागच्या बाईंनी मला विचारलं, "रिटायर झाल्यापासून काय करता हो तुम्ही?" मी म्हटलं, "फुटबॉलच्या मॅचमधला जोर मोजते." बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काठपदराची साडी, जाड चष्मा, गुडघ्याला पट्टा. मग त्यांनी ताटात एक जिलबी जास्तीची घेतली आणि रांग बदलली.

त्यांचं काही चुकलं नाही. मी स्वतः आयुष्यात बॉलला एकदाच लाथ मारलीय, तीही तो आमच्या तुळशीत येऊन पडला म्हणून. नोकरी माझी बियाण्यांच्या कंपनीतली. कोणत्या वाफ्यात कोणतं वाण किती उगवलं, त्यातलं किती वाणाच्या गुणानं आणि किती निव्वळ नशिबानं, हा हिशेब मांडता मांडता डोक्याचे केस गेले, म्हणजे पिकले. रिटायर झाल्यावर एका कंपनीसाठी घरबसल्या मॅचेसच्या नोंदी करायचं काम मिळालं. रेकॉर्ड केलेली मॅच लावायची आणि कुणी पास दिला, कुणी हिसकावला, ते टिपत जायचं. ते करता करता हे जोराचं वेड लागलं, आणि मी इथल्या मैदानांवरच्या मॅचेसही मोजायला लागले. बाकी माझी कारकीर्द सांगत बसत नाही, त्यात सगळी अंकुरण क्षमताच आहे.

आता हा जोर म्हणजे काय ते सांगते. फुटबॉलची मॅच दीड तास चालते आणि गोल होतात एक नाहीतर दोन. कधीकधी तेवढेही नाहीत. त्यामुळं नुसता निकाल बघून मॅच कशी झाली ते कळत नाही. पण मैदानाच्या कडेला उभ्या माणसाला कळतं. चहावालासुद्धा किटली खाली ठेवून सांगतो, "आता ह्यांचा जोर चाललाय, गोल होणार बघा." माझं काम एवढंच, की हे जे सगळ्यांना जाणवतं ते आकड्यात धरायचं. पुढं गेलेला पास, हिसकावलेला बॉल, कॉर्नर, गोलच्या दिशेनं मारलेली किक, प्रत्येकाला वजन द्यायचं. कशानंतर गोलची शक्यता किती वाढते, ते जुन्या ढीगभर मॅचेस बघून कॉम्प्युटर ठरवतो. आत्ता घडलेल्या गोष्टीला जास्त वजन, मघाशी घडलेल्याला कमी, आणि फार आधीची गोष्ट जवळपास पुसलेली. घरच्या भांडणात बरोबर उलटं असतं, तिथं आमच्या लग्नातल्या मानपानाचं वजन अजून उतरलेलं नाही. तर अशी ही बेरीज-वजाबाकी करून एक रेषा निघते. ज्या संघाची रेषा, त्याचा जोर असला की वर, समोरच्यांचा असला की खाली. दीड तासाची मॅच एका नजरेत दिसते.

सुरुवातीला फजित्याही झाल्या. एकदा मला वाटलं, प्रेक्षकांचा आवाज हाही जोरच की! म्हणून मैदानाच्या कडेला माइक लावला. मॅच अगदी मिळमिळीत होती, आणि मधेच रेषा जी उसळली ती थेट कागदाबाहेर गेली. व्हिडिओ बघितला तर त्या वेळी एका खेळाडूच्या पायात गोळा आला होता आणि बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे होते. शेवटी आवाज ऐकला तेव्हा उलगडलं. उस्मानपुऱ्याकडून वरात चालली होती, बँडसकट. माझ्या हिशेबानं त्या दिवशी मैदान गाजवलं ते घोड्यावरच्या नवरदेवानं. आवाजाचा भाग मी त्याच संध्याकाळी काढून टाकला.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका स्पर्धेचे आयोजक दादा आले. म्हणे, "मॅडम, ती रेषा जरा वर घ्या की. बॅनरवर छापायचीय." मी म्हटलं, "दादा, तुमची पोरं चार गोलनी हरलीत." ते म्हणाले, "गोलचं जाऊ द्या हो, निदान जोर तरी दाखवा." मी चहा पाजला आणि परत पाठवलं. बियाणं उगवलं नाही तर 'नाही' लिहायचं, ही जन्मभराची खोड. त्यापायी कंपनीत मी कुणाची लाडकी नव्हते.

पण मला सांगायचंय ते प्रतीक्षाचं.

आमच्या भागात शेख सर मुलींचा संघ चालवतात. पी.टी.चे रिटायर शिक्षक, गळ्यात शिट्टी अजून तशीच. घरी आले तेव्हा स्क्रीनवर त्यांच्याच संघाची रेषा होती. ती बघून म्हणाले, "मॅडम, ये ईसीजी किसका है?"

"तुमच्याच टीमचा."

"फिर तो पेशंट बचता नहीं दिखता."

तरीही दर मॅचला बोलवायला लागले. व्हिडिओ काढायचं काम आमच्या ह्यांच्याकडं. हे शाळेच्या पाण्याच्या टाकीवर मोबाइल घेऊन उभे राहत. मैदानात चुकून आलेल्या एका शेळीचं ह्यांनी इतकं मन लावून शूटिंग केलं, की आमच्या मुलींचा एकुलता एक गोल त्यात नाहीच. मी बोलले तर मलाच म्हणाले, "गोल काय, परत होईल."

तर अशा सगळ्या मॅचेसमधल्या समोरच्या संघांच्या रेषा एकाखाली एक लावून बघत होते, तेव्हा मला विचित्र काहीतरी दिसलं. समोरच्या संघाचा जोर चढतो, चढतो, आता गोल होणार अशा जागी येतो, आणि धपकन खाली बसतो. एखाद्या वेळी होतंच तसं. पण हे जवळपास दर मॅचला, आणि तेही शिखर गाठायच्या जरासं आधी! मला वाटलं माझंच सूत्र गंडलंय. वजनं बदलून पाहिली, सगळं पुसून नव्यानं मांडलं, तरी तोच धपका. शेवटी व्हिडिओ लावून त्या त्या जागा बघायला बसले.

प्रत्येक जागी आमची गोलकीपर प्रतीक्षा खाली बसून बुटाची लेस बांधत होती.

कधी लेस, कधी रेफरीला "सर, बॉलमधी हवा बघा की", कधी "जाळीचा हूक निघालाय". पण मुख्य अस्त्र लेसच. बॉल बाहेर गेला की बाई ऐटीत एक गुडघा टेकणार, लेस सोडणार, परत बांधणार, मग दुसरा पाय. समोरच्या मुली वाट बघत उभ्या. एखादी पाणी प्यायची, दुसरी केस सोडून परत बांधायची. आणि खेळ सुरू झाला की मघाचा तो सगळा आवेश गेलेला असायचा.

मी प्रतीक्षाला घरी पोहे खायला बोलावलं. ही वैजापूरची. वडिलांचा तिथल्या बाजार समितीत कांद्याचा छोटा गाळा. शिकायला इकडं मावशीकडं राहिलेली. उंचीनं इतकी कमी, की संघाच्या फोटोत नेहमी पहिल्या रांगेत बसवतात. दुसरी बशी संपल्यावर मी तिला व्हिडिओचे ते तुकडे दाखवले. तिचा घास तसाच राहिला.

"काकू, तुमी हे बी मोजता?"

"मोजते की."

"आरं देवा!" म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली.

मग तिनंच सांगितलं. लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर लिलावाला जायची. ढिगावर बोली सुरू झाली, दुसरा व्यापारी ईर्षेनं भाव चढवायला लागला, की तिचे वडील बोली सोडून ढिगात खोल हात घालायचे. खालचा एक कांदा काढायचे, दाबायचे, वास घ्यायचे, शेजाऱ्याला दाखवायचे. बोलत काही नसत. "तेवढ्यात समोरच्याचं डोस्कं थंड होतं काकू. मंग त्यो इचार कराया लागतो. इचार केला की भाव बसला!"

"आणि तुला कळतं कसं, आता लेस सोडायची म्हणून?"

"त्यांच्या पोरी बोलायच्या थांबत्यात. मॅचमधी समद्या वरडत असत्यात. लई जोर आला की गप होत्यात. मंग मी बसते."

माझा कॉम्प्युटर आधी घडलेलं बघून मग सांगतो. ह्या पोरीला आधी कळत होतं. मला तिचं कौतुक वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. मग ती एकदम गंभीर झाली. "काकू, कुणाला सांगू नका हां. रेफरीला कळलं की पिवळं कार्ड. आन् निवड बी जाईल."

निवड म्हणजे राज्याच्या संघाची. आमच्याकडच्या मुलींची चाचणी मॅच शहरात व्हायची होती. प्रतीक्षाचं वय पुढच्या वर्षी त्या संघाच्या वयोगटात बसणार नव्हतं. राज्याकडून खेळली असती तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता आला असता, आणि पोलीस व्हायचं हे तिनं चौथीपासून ठरवलेलं. वडील वाईट नव्हते, पण त्यांनी बजावलं होतं, "यंदा झालं तर झालं. नाय तर खेळ बंद. गाळ्यावर बसायचं." ती मला म्हणाली, "मला कांदा आवडतो काकू, पण खायला."

अडचण एकच होती, उंची. गोलकीपर निवडताना सगळे आधी उंची बघतात. शेख सर माझ्याकडं आले. "मॅडम, हाइट तो मैं खींच के बढ़ा नहीं सकता. तुम्हारा वो लाइन दिखाओ. गोल कितने कम हुए, दिखाओ. लेकिन वो लेस का नक्को."

"सर, लेसचं काढलं तर रेषेत दाखवायचं काय? जोर का पडला म्हणून विचारलं तर काय सांगू? देवाची कृपा?"

"हौ. वही बोलो."

घरातही दोन तट पडले. हे म्हणाले, "पोरीचं भलं होत असेल तर तुझा खरेपणा एक दिवस कपाटात ठेव ना! मोठी आली सत्यवादी." मी जेवले नाही नीट. लिहिलं तर पोरीची निवड जाते, नाही लिहिलं तर तिच्याजवळ दाखवायला काहीच नाही. आणि अर्धवट लिहिलं तर ते माझं काम नाही. बियाण्याच्या पाकिटावर मी कधी खोटं छापू दिलं नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी सगळ्या रेषांवर, जिथं जिथं लेस होती तिथं तिथं, मी लाल खूण केली. प्रतीक्षाला सांगितलं, की मी दडवणार नाही. तिनं आणलेला डबा ठेवला आणि निघून गेली. त्या डब्यात तिच्या आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी होती. मला ती गोड लागली नाही.

चाचणीच्या दिवशी मैदानावर निवड समितीच्या घोरपडे मॅडम आल्या. एके काळी स्वतः राज्याकडून खेळलेल्या, चांगल्या उंच, चेहऱ्यावर हसण्याचं नाव नाही. त्यांच्या टेबलाच्या टोकाला मी लॅपटॉप उघडून बसले, मॅच चालू असतानाच नोंदी करायला. मुलींची ओळख चालली होती. प्रतीक्षापाशी येऊन मॅडम थांबल्या.

"उंची?"

शेख सरांनी आकडा सांगितला.

"बूट काढून?"

शेख सर आभाळाकडं बघायला लागले.

पहिल्या अर्ध्यात प्रतीक्षा बरी खेळली, पण घोरपडे मॅडम तिच्याकडं बघेचनात. मध्यंतराला मी उठून लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. कंपनीच्या डायरेक्टरपुढं कधी भ्याले नाही, तेवढी त्यांच्यापुढं भ्याले. मी रेषा समजावल्या. त्या लक्ष देऊन बघत होत्या. मग लाल खुणांवर बोट ठेवलं. "इथं दर वेळी जोर पडतो. ह्या खुणा कसल्या?"

शेख सर जोरात खोकले. मी म्हटलं, "त्या वेळी गोलकीपर बुटाची लेस बांधत होती."

"दर वेळी?"

"लेस सुटलेली नसताना. नाहीतर बॉलची हवा, नाहीतर जाळीचा हूक."

शेख सरांनी डोळे मिटून घेतले. घोरपडे मॅडमनी प्रतीक्षाला हाक मारली. पोर आली ती माझ्याकडं न बघता. मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, "ह्या अर्ध्यात बुटाला हात लावायचा नाही. बॉलमध्ये हवा आहे, जाळीही चांगली आहे. खेळ. मी बघते."

"जी मॅडम," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि समोरच्या संघानं जी मुसंडी मारली! एकापाठोपाठ एक हल्ले. माझ्या स्क्रीनवर त्यांची रेषा चढायला लागली. मी नोंदी करत होते आणि मनात म्हणत होते, पड बाई, पड आता. रेषा मेली कुठली पडतेय! घोरपडे मॅडम मैदान सोडून माझ्या स्क्रीनकडं झुकल्या होत्या. मग समोरच्यांना कॉर्नर मिळाला. त्यांच्या उंच उंच मुली गोलपुढं येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यात आमची प्रतीक्षा दिसेचना. आणि मला जाणवलं, की त्या सगळ्या मुली गप्प झाल्या आहेत. ओरडणं बंद. शेख सरांनी शिट्टी दातात घट्ट धरली होती.

तेवढ्यात प्रतीक्षाचा आवाज आला, स्वच्छ आणि अगदी मायेनं भरलेला. "ए ताई, तुजी केसातली क्लिप पडली बघ तिथं. पायाखाली यील कुणाच्या."

त्यांच्या सर्वांत उंच मुलीचा हात डोक्याकडं गेला. ती खाली बघायला लागली. शेजारची म्हणाली, "कुठंय?" तीही वाकली. कॉर्नर घेणारीनं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं आणि विचारलं, "काय झालं गं?" दोघी-तिघी गवतात क्लिप शोधत होत्या. रेफरीनं ओरडून त्यांना सरळ केलं. कॉर्नर झाला, पण कसा, अगदीच पुचाट, त्यांच्याच एका मुलीच्या पायाला लागून बाहेर. त्यानंतर त्यांचा खेळ काही बसलाच नाही. माझी रेषा धपकन खाली आली, तसल्या इतर धपक्यांच्या ओळीत शोभेल अशी. मॅच बरोबरीत सुटली, एकही गोल नाही.

घोरपडे मॅडमनी हाताचा पंजा तोंडावर धरला होता. खोकला होता की काय होतं, कोण जाणे. मग त्यांनी परत हाक मारली. प्रतीक्षा आली, शेख सर तिच्या मागं अर्धे लपून.

"काय गं, क्लिप होती का तिथं?"

"नाय मॅडम."

"मग असं का करतेस तू? गोलकीपरनं बॉल अडवायचा असतो."

प्रतीक्षानं खाली बघितलं. मग मान वर केली, बरीच वर करावी लागली, आणि म्हणाली, "मॅडम, मी बुटकी हाय. वरून आलेला बॉल माज्या हाताला लागत नाय. किती बी उडी मारली तरी नाय लागत, लई करून बघितलं. मंग मला त्यो मारायच्या आधीच अडवावा लागतो."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिनं खाली पडू दिलं नाही. मला मात्र ते जमलं नाही. मी पदर डोळ्यांना लावला आणि चष्म्यात धूळ गेल्याचं शेख सरांना सांगितलं. घोरपडे मॅडम मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता मला म्हणतील, उचला तुमचा लॅपटॉप.

"मॅडम, रेषा राहू द्या," त्या म्हणाल्या. "फक्त त्या लाल खुणा पुसून टाका."

"का?"

"राज्य संघाच्या शिबिराला बाहेरच्या राज्यांचे लोक येतात. आपली गोलकीपर काय करते, ते त्यांना कशाला कळायला पाहिजे?"

मी माऊस धरला. 'आपली' म्हणाल्या, हे आधी शेख सरांच्या ध्यानात आलं. त्यांच्या दातात अजून शिट्टी होती, आणि मॅच केव्हाच संपली असताना ती मैदानभर ऐकू जाईल अशी वाजली.